चावडीच्या भिंतीवरचं तोंड

१

गव्हाळीच्या चावडीवर रंगवलेल्या माणसाचं तोंड भरदिवसा नाहीसं झालं.

बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. देवीची पालखी, पालखीखालचे भोई, गुलाल, पालखीच्या पुढं चालणारा उंचापुरा हलगीवाला, त्याची हलगी, हलगीवर पडायला उचललेला हात. फक्त मानेच्या वर पांढराफट गोळा. चुना फासलेला. त्याचे ओघळ गळ्यापर्यंत आले होते आणि तिथंच वाळले होते.

मेळ्याचा पहिलाच दिवस होता. जळकोटच्या अलीकडं हायवे सोडून आत आलं की गव्हाळी लागते. या गावात आजवर जत्रा झाल्या, सप्ते झाले, निवडणुका झाल्या आणि डोकीही फुटली. पण गाण्याचा आणि चित्रांचा मेळा कधी झाला नव्हता. यंदा झाला. शाळेच्या पडवीत पोरांची चित्रं टांगली, गल्लीगल्लीत रांगोळ्या काढल्या, चावडीसमोर स्टेज उभं केलं आणि चावडीच्या भिंतीवर हे एवढं मोठं चित्र काढलं. दिवेलागणीला पाहुणे येणार आणि उद्घाटन होणार. सगळं गाव देवळात पंगतीला बसलं होतं. जेवून परत येतं तर हे.

"हे त्या नंदीशचं काम हाय," मेळ्याचे अध्यक्ष कृष्णराज पाटील गरजले. "सकाळी डीजे लावू दिला न्हाय म्हणून माझ्या अंगावर आला. 'बघतो तुमचा मेळा कसा होतो,' म्हणाला. पंगत चालू असताना हितं एकटाच उभा व्हता. पाण्याची टाकी घेऊन आलेल्या पोरांनी बघितलाय. आणा त्याला."

आणायची गरज पडली नाही. नंदीश स्वतःच गर्दीत उभा होता. लोकांनी त्याच्याकडं वळून बघितलं. त्याच्या शर्टवर, हातांवर, कानाच्या पाळीवरसुद्धा चुन्याचे शिंतोडे होते.

"बघा!" पाटील म्हणाले. "आता आणखी काय पाहिजे? पाहुणे यायच्या आत कबूल झाला तर ठीक. न्हाय तर मी स्वतः ठाण्यात जाऊन नाव देतो."

गर्दीच्या मागं जगदेवी बिराजदार उभी होती. पोलिसात जमादार म्हणून निवृत्त झालेली, आवाजानं अर्धं गाव गप्प करणारी बाई. नंदीश तिच्या भावाचा पोरगा. पोलीस भरतीत धावला होता, लेखी पास झाला होता, यादीत नाव लागलं होतं. राहिली होती फक्त चारित्र्याची पडताळणी. त्यात एक गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली. कोर्टानं सोडलं तरी गेली म्हणूनच समजा. हे गावात जगदेवीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाही, पाटलालाही ठाऊक होतं. म्हणून तर ठाण्याचं नाव घेतलं होतं.

"पाटील," ती पुढं आली, "पाहुणे येईपर्यंत ह्या गुन्ह्याचा तपास माझा."

२

तिनं नंदीशला शाळेच्या भिंतीआड घेतलं आणि आधी एक सणसणीत शिवी हासडली.

"आत्या, आईशप्पत म्या न्हाय!"

"चुना कुठला?"

"घरचा! तुमच्याच वहिनीनं सकाळपास्नं कुंचा हातात दिलाय. घट बसायला आलेत. कुणाच्या घरात चुना न्हाय ते सांगा."

खरं होतं. नवरात्र तोंडावर होतं. गावात दर दाराला चुन्याचं पिंप होतं, देवळाच्या मागंही एक होतं. चुन्यावरून चोर धरायचा म्हटलं तर सगळं गाव आत टाकावं लागलं असतं.

"मग पंगत सोडून भिंतीपाशी काय करत व्हतास?"

नंदीशनं खाली बघितलं. भरतीत छाती काढून धावलेला पोरगा, पण कान लाल झाले.

"चित्र बघत व्हतो."

"आं?"

"सकाळी सगळ्यांसमोर मेळ्याला शिव्या घातल्या. मग सगळ्यांसमोर बघायची लाज वाटली. म्हणून सगळे जेवायला गेल्यावर आलो. लई भारी काढलंय, आत्या. हात तर असा, आता वाजंल असं वाटतं."

"आणि तोंड?"

"व्हतं की तोंड. जरा धुरकट दिसत व्हतं. मला वाटलं ढगामुळं."

"मग तू गेल्यावर कोण आलं?"

"कुणीच न्हाय. मी चौकाच्या कोपऱ्यावर जाऊन बसलो व्हतो, पंगत उठून लोक येईपर्यंत."

जगदेवीनं मनात हिशेब मांडला. पोरगं खरं बोलत असेल, तर तो होता तेव्हा तोंड होतं, आणि तो गेल्यावर कुणी आलंच नाही. म्हणजे दुसरं कुणी करू शकतच नव्हतं. स्वतःच्याच तोंडानं पोरगा फासात मान घालत होता, आणि त्याला ते कळतही नव्हतं.

"हे 'कुणीच न्हाय' दुसऱ्या कुणाला बोललास?"

"पाटलाला बोललो की. खरं बोलायला काय भ्यायचं?"

"पोलिसात जाणार म्हणे," जगदेवी दातओठ खात म्हणाली. "आरोपी म्हणून जाशील!"

३

चित्रकार अर्पिता सोलापूरची. स्टेजच्या पायरीवर रडून डोळे सुजवून बसली होती.

"कुणाशी भांडण?"

"कुणाशीच नाही. राघवेंद्र सरांचा थोडा राग होता. भिंतीसाठी त्यांचंही डिझाइन आलं होतं, समितीनं माझं घेतलं. आणि पाटील म्हणायचे, पालखीपेक्षा हलगीवाला मोठा कशाला. लहान करा म्हणून मागं लागले होते."

"केलास का?"

"नाही. मला तेच तर दाखवायचं होतं." ती ताठ झाली. "ज्याला आपण कायम खाली ठेवलं, तो इथं सगळ्यात मोठा दिसला पाहिजे."

"वा. त्याला विचारलं व्हतंस?"

"कुणाला?"

"ज्याचं तोंड काढलंस त्याला. आमच्या गावच्या हलगीवाल्याला, बब्रुवानला."

अर्पिता गोंधळली. "त्यांचा फोटो मिळाला होता मला. मागच्या जत्रेतला. त्यात विचारायचं काय? हा त्यांचा सन्मानच आहे ना?"

जगदेवी भिंतीकडं वळली. भिंतीखाली जाऊन तिनं हात वर केला. पांढरा गोळा तिच्या बोटांच्या कितीतरी वर होता. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरच हात पोचला असता.

"तू कशावर चढून काढलंस?"

"मंडपवाल्यांच्या शिडीवर."

"शिडी कुठाय?"

अर्पितानं इकडंतिकडं बघितलं. शिडी नव्हती.

पाटील स्टेजवर माईक तपासत होते. जगदेवी सरळ वर चढली.

"पाटील, पंगतीला जाताना तोंड शाबूत व्हतं हे कशावरून?"

"ह्यावरून." त्यांनी मोबाइल पुढं केला. "आमची सकाळची सगळी कामं शिस्तीत झाली. भिंत धुवून घेतली, हार घातला, फोटो काढला आणि मग जेवायला गेलो. हा बघा फोटो."

फोटोत पाटील हार घालून उभे. हार भिंतीला होता की पाटलाला, ते काही कळत नव्हतं. मागं हलगीवाला. तोंड शाबूत. डोळे, मिशा, कपाळावरचा भंडारा, सगळं होतं. पण ते तोंड चकाकत होतं. घामेजल्यासारखं. बाकीचं चित्र कोरडं ठक्क.

"भिंतीला कुणाकुणाचा हात लागला?"

"कुणाचाच न्हाय. मी तिथंच व्हतो की सगळा वेळ."

"नक्की?"

"अहो बाई, गावचा पाटील सांगतोय!"

म्हणूनच दोनदा विचारलं, असं जगदेवीच्या ओठांवर आलं होतं. पण पोराची मान अजून या माणसाच्या हातात होती. तिनं ते गिळलं.

४

राघवेंद्र सर तुळजापूरचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ते पडवीत पोरांच्या चित्रांना नंबर देत होते आणि एकही चित्र त्यांना आवडत नव्हतं.

"ज्यानं कुणी पुसलं, त्यानं दुरुस्ती केली म्हणा," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "नाकाची प्रमाणबद्धता साफ चुकली होती."

"सर, तुम्ही पंगतीला नव्हता."

"मंगळवार आहे. माझा देवीचा उपास असतो."

"मग कुठं व्हता?"

"इथंच. शाळेत. ध्यान करत होतो."

"शाळेला तर कुलूप व्हतं. किल्ली माझ्याकडं हाय. बंदोबस्त माझ्याकडंच दिलाय ना समितीनं."

सरांच्या हातातली पेन्सिल थांबली. जगदेवीनं आयुष्यभर आरोपींच्या माना बघितल्या होत्या. खोटं आधी मानेत येतं, मग तोंडात. सरांची मान आखडली होती. राग होता, कारण होतं, आणि आता खोटंही होतं. तिला वाटलं, मासा लागला गळाला.

"सर, एका पोराची नोकरी जातीय. खरं सांगा, न्हाय तर मी माईकवर विचारते."

"नको!" सर दबक्या आवाजात म्हणाले. "हायवेवर होतो. हॉटेलात."

"उपासाला?"

"मिरचीभजी," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "कांद्याची पण. ते हॉटेलवाला सांगेल. पण आमच्या घरी कळलं ना जगदेवीबाई, तर भिंतीवरचं सोडा, माझंच तोंड राहणार नाही."

तिनं त्यांच्यासमोरच हॉटेलवाल्याला फोन लावला. सर पंगत बसायच्या आधीपासून तिथं होते, आणि भजी आवडली म्हणून परत मागवली होती. मासा सुटला. उरला तो एकटा नंदीश. आणि सूर्य कलायला लागला होता.

५

ती तिरीमिरीत भावाच्या घरी आली. वहिनी कुंचा घेऊन भिंतीशी झगडत होती.

"पोराला अर्धं काम टाकून नेलंत," वहिनीनं तोंड सोडलं. "वर पोरगा चोर ठरला. गावानं आमचं वाटोळं करायचं ठरवलंय काय?"

जगदेवी भिंतीकडं बघत राहिली. एका बाजूची भिंत पांढरी शुभ्र. दुसऱ्या बाजूला वहिनी आत्ताच कुंचा फिरवत होती. तिथं चुना नुसता पाण्यासारखा दिसत होता. खालचा जुना तेलाचा डाग, पोरांनी लिहिलेले आकडे, सगळं ओल्यातून स्पष्ट दिसत होतं.

"हितं बसला न्हाय का चुना?"

"बसला की. ओला हाय अजून. आज ढगाळ हाय, लवकर वाळंना. वाळला की डाग दिसतोय का बघा मग."

जन्मभर दरवर्षी बघितलेली गोष्ट. दरवर्षी हातानं केलेली. जगदेवी मटकन खाली बसली.

ओला चुना दिसत नाही. वाळला की उजळतो!

म्हणजे पाटलानं फोटो काढला तेव्हा तोंडावर चुना होता. नंदीशला धुरकट दिसलं तेव्हाही होता, वाळायला लागला होता. पंगत चालू असताना भिंतीपाशी कुणी आलंच नाही, कारण कुणी यायची गरजच नव्हती. काम आधीच झालेलं होतं. शिडी होती तेव्हा. सगळे तिथंच असताना. पाटील तिथंच उभे असताना!

मग कुणाला कसं दिसलं नाही?

तिनं मंडपवाल्याला फोन लावला. शंभुलिंग, लोहाऱ्याचा.

"शिडी व्हय? ती पंगतीच्या आधीच गाडीत टाकली, बाई. आता लोहाऱ्यात हाय."

"त्याच्या आधी शिडीवर कोण व्हतं?"

"म्हातारा व्हता की. बादली घेऊन भिंत धूत व्हता. त्याच्याकडनंच मागून घेतली."

"कुठला म्हातारा?"

शंभुलिंग हसला. "मला काय विचारता? तुमच्याच गावचा. एवढं मोठं चित्र काढलंय की त्याचं भिंतीवर!"

६

बब्रुवानचं घर गावाच्या शेवटी, वस्तीत. पत्र्याचं, पण अंगण लख्ख. म्हातारा भाकरी खात बसला होता. गावची पंगत त्याच्यापर्यंत आलीच नव्हती. वस्तीला वाढायचं ते सगळ्यांचं झाल्यावर, हे गावात कुणी बोलत नाही आणि कुणी मोडत नाही.

"या, जमादारीणबाई. भाकरी खाता?"

"तात्या, तोंड तुम्ही पुसलं?"

"व्हय," बब्रुवान म्हणाला. त्यानं घास मोडला आणि खाल्ला.

इतक्या सरळ कबुलीची तिला सवय नव्हती. "का?"

"सकाळी हलगी घेऊन गेलो. म्हटलं, मालक, म्या कुठं उभं ऱ्हायचं? स्टेजवर कुठल्या बाजूला? तर म्हणाले, 'स्टेजवर पुण्याचा बँड हाय. तू कमानीपाशी, खाली. पाव्हणे आले की वाजव. आन् रिकामा हाईस तर ही बादली घे, भिंत धू.'" तो पाणी प्याला. "शिडीवर चढलो. वर म्या, खाली म्या. वरच्याला हार, खालच्याला बादली. दोघातला एक खोटा हाय, बाई. कुठला खोटा, ते म्या ठरवलं. देवळामागच्या पिंपातनं चुना घेतला."

"पाटील शेजारीच व्हते. फोटो काढत व्हते."

"व्हते की. 'सरक रे बब्र्या, फोटोत येतोस,' म्हणाले. सरकलो."

भिंतीला कुणाचा हात लागला नाही, असं पाटील छातीठोक म्हणाले होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कुणी दिसलं नव्हतं. आणि ती स्वतः? सकाळी चौकातूनच गेली होती. शिडी आठवत होती. बादली आठवत होती. माणूस आठवत नव्हता.

"तात्या, त्याचा आळ आमच्या नंदीशवर आलाय. ठाण्यात गेलं तर त्याची भरती गेली."

बब्रुवानचा हात थांबला. "मला कुणी सांगितलंच न्हाय," तो म्हणाला. "पोराला कशाला?"

"पण तुम्ही आलात तर पाटील तुम्हाला सोडणार न्हाय. मी तुम्हाला चला म्हणत न्हाय. भाचा माझा हाय, पण..."

म्हाताऱ्यानं हात धुतला आणि खुंटीवरचा सदरा काढला.

"मला काय भरती व्हायचंय?" तो म्हणाला. "चला."

७

पाहुण्यांची गाडी जळकोटला पोचल्याचा फोन आला होता. चौक भरला होता. पाटील कमरेवर हात ठेवून उभे. बाजूला नंदीश, पडलेल्या खांद्यांचा.

"झाला तपास? का भाच्याला पळवायची गाडी शोधत व्हता?"

लोक हसले. जगदेवीनं हसू दिलं.

"पाटील, शिडीशिवाय तिथं हात पोचतो का?"

"न्हाय."

"शिडी पंगतीच्या आधी लोहाऱ्याला गेली. मग नंदीश उडाला का?"

हसणारे थांबले.

"तोंड पंगतीच्या आधी पुसलंय. तुमच्यासमोर. मोबाइल काढा. फोटोत तोंड का चकाकतंय? बाकीची भिंत कोरडी हाय, तोंडच ओलं कसं? बायांनो, तुम्ही सांगा. ओला चुना दिसतो का?"

बायकांमध्ये कुजबूज उठली आणि मग एकदम, "अगं बाई, खरंच की!"

"मग कुणी पुसलं?" पाटील ओरडले. "तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं!"

"व्हतो की, मालक," बब्रुवान पुढं आला. "तुम्हीच सरक म्हणालात."

पाटलाच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"बब्र्या! तू? अरे, आम्ही तुला एवढा डोक्यावर घेतला, आणि तू... सार्वजनिक भिंत हाय ती! तुझ्या नावानं फिर्याद देतो आता!"

"द्या," जगदेवी म्हणाली. "मी लिहून देते. बब्रुवानच्या तोंडाला बब्रुवाननं चुना फासला. अंमलदार विचारील, का फासला? तेही लिहू. स्टेजवर जागा न्हाय, पंगतीत जागा न्हाय, भिंतीवर तेवढी हाय. पत्रकार आलेत स्टेजमागं. त्यांनाच बोलवू का?"

पाटलानं स्टेजमागं बघितलं. गर्दीकडं बघितलं. गर्दी त्यांच्याकडं नव्हती बघत. ती खाली बघत होती.

"जाऊ द्या," ते घसा खाकरून म्हणाले. "घरातली गोष्ट. नंदीश, जा बाबा, तुझं काही न्हाय. ठाणंबिणं काही न्हाय. आणि बब्र्या... बब्रुवान, तू ये, स्टेजवर ये. वर वाजव. झालं?"

"आज न्हाय, मालक," बब्रुवान म्हणाला.

अर्पिता पाण्याची बादली घेऊन आली होती. "बाबा, चुना पाण्यानं निघेल. खाली रंग शाबूत आहे." ती थांबली. मग तिनं जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. "धुवू का?"

म्हाताऱ्यानं वर बघितलं.

"लई चांगलं काढलंस, पोरी. पण ऱ्हाऊ दे."

तो वस्तीकडं चालायला लागला. नंदीश धावत त्याच्या मागं गेला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही.

पाहुण्यांची गाडी आली. कमानीपाशी वाजवायला कुणी नव्हतं. पाटील इकडंतिकडं बघत राहिले, कुणीतरी हलगी उचलेल म्हणून. कुणी उचलली नाही. पाहुणे उतरले, हार घातले, आणि भिंतीसमोर येऊन उभे राहिले.

"जबरदस्त कल्पना आहे," पाहुणे म्हणाले. "बिनचेहऱ्याचा वादक! हे कोण? गावातलेच का? पूर्ण नाव काय त्यांचं?"

पाटलानं तोंड उघडलं. "बब्रुवान..." ते म्हणाले.

पुढं काय लावायचं ते त्यांना आठवेना. बापाचं नाव आठवेना, आडनाव आठवेना. त्यांनी मागं वळून गावाकडं बघितलं. सगळं गाव उभं होतं, आणि कुणालाच ते नाव सांगता येत नव्हतं.